ग्रॅनबीचे उंदीर आणि सी-५

अ‍ॅबी लॅथ्रॉप पेशाने शिक्षिका. प्रकृती साथ देईना म्हणून त्यांनी शाळा सोडली आणि १९००च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी गावी कोंबड्या पाळायला घेतल्या. तो धंदा बसला. मग हौशी लोकांना विकण्यासाठी त्यांनी नाचऱ्या उंदरांची एक जोडी आणली. आतल्या कानातल्या दोषामुळे गरगर फिरणाऱ्या या उंदरांना तेव्हा चांगली मागणी होती. पण धंद्याला खरी बरकत आली ती प्रयोगशाळांमुळे. पुढे त्यांच्याकडे एका वेळी ११,००० हून अधिक उंदीर असत. त्यांना खायला ओट्स आणि बिस्किटं, आणि खोकी साफ करायला तासाला ७ सेंट मजुरीवर गावातली मुलं.

काही उंदरांच्या कातडीवर गाठी दिसू लागल्या, तेव्हा लॅथ्रॉप यांनी नमुने शास्त्रज्ञांकडे पाठवले. लिओ लोएब यांनी निदान केलं: कर्करोग. १९१३ ते १९१९ या काळात दोघांच्या नावाने दहा शोधनिबंध छापून आले. कुठल्या उंदराचा वंश कुठला, याच्या लॅथ्रॉप यांनी ठेवलेल्या चोख नोंदींशिवाय ते काम झालंच नसतं. तरीही पुष्कळांनी त्यांची ओळख ‘उंदीर पुरवणाऱ्या बाई’ एवढीच ठेवली, हा त्यांच्यावर अन्यायच आहे. १९१८ साली त्या वारल्या.

हार्वर्डमध्ये विद्यार्थी असताना क्लॅरेन्स लिटल यांनी १९०९ मध्ये सख्ख्या भावंडांची पिढ्यान्‌पिढ्या जोडी लावून डीबीए हा वंश सुरू केला. पुढे १९२१ मध्ये लॅथ्रॉप यांच्याकडच्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून त्यांनी काळ्या उंदरांचा सी५७बीएल वंश उभा केला. अशा वंशातले सगळे उंदीर जनुकांच्या बाबतीत जवळपास एकसारखे असतात. म्हणूनच दोन वंशांच्या रक्तात फरक दिसला, की त्याचं मूळ जनुकांत शोधता येतं.

असा एक फरक १९६०च्या दशकात हाती लागला. मेंढीच्या तांबड्या पेशींना अँटिबॉडी चिकटवायची आणि त्यांवर उंदराचं ताजं सीरम घालायचं, अशी ती चाचणी. सीरममधली कॉम्प्लिमेंट, म्हणजे जंतूंना मारायला मदत करणारी प्रथिनं शाबूत असतील तर पेशी फुटतात आणि नळीतलं गढूळ मिश्रण नितळ लाल होतं. डीबीएच्या डीबीए/२ या शाखेच्या सीरममध्ये तसं घडत नव्हतं. पेशी तशाच राहत आणि तळाशी जाऊन बसत.

टोरांटोत बर्नहार्ड सिनेडर आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये दाखवलं, की असा दोष असलेल्या उंदरांना निरोगी उंदरांचं सीरम टोचलं तर ते त्यातल्या एका प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतात. स्वतःकडे नसलेलं ते प्रथिन त्यांच्या शरीराला परकं वाटत होतं. हेच कॉम्प्लिमेंटमधलं पाचवं प्रथिन, सी-५, हे १९६७ पर्यंत पक्कं झालं. मुळातला बिघाड मात्र १९९० मध्ये सापडला: जनुकातली फक्त दोन अक्षरं गळालेली.

हा दोष अभ्यासायची सोय मात्र वेगळ्याच कामातून झाली. जॉर्ज स्नेल यांना शोध होता अवयवरोपण नाकारणाऱ्या जनुकांचा, ज्यासाठी त्यांना १९८० चं नोबेल मिळालं. त्यांनी काळ्या वंशात डीबीएचं असंच एक जनुक उतरवलं, तेव्हा एका शाखेत सी-५ चा दोषही सोबत आला. जवळपास सगळ्या बाबतींत सारख्या, पण एकीत सी-५ आणि दुसरीत नाही, अशा या दोन शाखा संशोधकांना आयत्याच मिळाल्या. दाह कशामुळे पेटतो, हे ताडून पाहायला याहून चांगली सोय नव्हती.

सी-५ तुटलं की सी-५ए नावाचा छोटा तुकडा सुटतो आणि पांढऱ्या पेशींना दाहाच्या जागी ओढून आणतो. तो उंदराच्याच रक्तातून मिळवायचा तर पंचाईत, कारण अख्ख्या उंदरात रक्त असतं जेमतेम २ मिलिलिटर. म्हणून उंदराचं ते जनुक जिवाणूंत किंवा वाढवलेल्या पेशींत घालून रिकॉम्बिनंट सी-५ए बनवतात, आणि वाळवलेली पूड मायक्रोग्रॅमच्या मापाने कुपीतून मिळते. ई. कोलाय जिवाणूत बनवलेल्या मालाबाबत एक खबरदारी घ्यावीच लागते. जिवाणूच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन जराही उरलं, तर पेशी त्यानेच चेतवल्या जातात आणि श्रेय सी-५ए ला दिलं जातं. म्हणून कुपीसोबतच्या कागदावर एंडोटॉक्सिनची मर्यादा छापलेली असते, आणि जाणते संशोधक प्रयोगाआधी तो आकडा वाचतात.