प्राणवायूचे घड्याळ

जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेली 'टायटन' ही छोटी पाणबुडी उत्तर अटलांटिकमध्ये बेपत्ता झाली, तेव्हा चार दिवस साऱ्या जगाचे डोळे एका घड्याळावर खिळले होते. आत पाच माणसे होती आणि प्राणवायू ९६ तासांचा होता, असे सांगण्यात आले. आपल्याकडच्या वृत्तवाहिन्यांनीही उरलेल्या तासांचे आकडे उलटे मोजायला सुरुवात केली. मध्येच पाण्याखालून ठराविक अंतराने ठोकल्यासारखे आवाज येत असल्याची बातमी आली आणि आशा वाढली. २२ जूनला टायटॅनिकच्या नाळेपासून सुमारे ५०० मीटरवर टायटनचे तुकडे सापडले. १८ जूनला, संपर्क तुटला त्याच सुमारास, कार्बन तंतूंचे ते कवच पाण्याच्या दाबाने आत चिरडले गेले होते. तसा एक ध्वनी अमेरिकी नौदलाच्या यंत्रणेने त्याच दिवशी टिपलाही होता. म्हणजे चार दिवस आपण जे श्वास मोजत होतो, ते घेणारे कोणी उरलेच नव्हते.

एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची 'नांगाला' ही नौदलाची पाणबुडी बुडाली, तेव्हाही असेच ७२ तासांचे घड्याळ लावण्यात आले होते. ती ८०० मीटरपेक्षा खोल, तुकडे झालेल्या अवस्थेत सापडली. तिच्यातले ५३ जण गेले. मग ही तास मोजण्याची सवय आली कुठून, आणि हे घड्याळ कधी खरे ठरले होते का? ठरले होते, पन्नास वर्षांपूर्वी.

पुढे जाण्यापूर्वी शब्दांविषयी थोडे. 'पाणबुडी' या एकाच शब्दात मराठीने दोन वेगळ्या वस्तू कोंबल्या आहेत. एक नौदलाची, जी बंदरातून आपल्या बळावर निघते आणि आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहते. दुसरी छोटी, दोन-तीन माणसांची, जिला एखादे जहाज पाठीवर घेऊन जाते, पाण्यात सोडते आणि संध्याकाळी पुन्हा उचलून घेते. ही दुसरी म्हणजे नाळ न तुटलेले मूल. तिच्या जगण्यामरण्याचा प्रश्न बहुतेक वेळा तिच्यापेक्षा वर थांबलेल्या जहाजाचा असतो.

'पायसीस ३' ही अशीच छोटी पाणबुडी. ऑगस्ट १९७३ मध्ये आयर्लंडच्या नैर्ऋत्येस सुमारे दीडशे मैलांवर, अटलांटिकपार जाणारी टेलिफोनची तार समुद्रतळात पुरण्याचे काम ती करीत होती. आत रॉजर चॅपमन आणि रॉजर मॅलिन्सन हे दोघे होते. चॅपमन पूर्वी ब्रिटिश नौदलाच्या पाणबुड्यांवर काम केलेले, मॅलिन्सन अभियंते. २९ ऑगस्टच्या सकाळी पाळी संपवून पाणबुडी वर आली. तिला जहाजावर ओढून घेताना दोरात अडकून मागच्या यंत्रकक्षाचे झाकण उपटले गेले. त्या कक्षात पाणी भरले, पाणबुडी एक टनाहून अधिक जड झाली, काही क्षण दोराला उलटी लोंबकळली आणि मग दोर तुटून थेट तळाकडे निघाली. खाली जाताना या दोघांनी विजेची उपकरणे बंद केली, शिशाचे वजन सोडून दिले आणि आदळताना जीभ चावली जाऊ नये म्हणून तोंडात फडके कोंबले. पाणबुडी सुमारे ४८० मीटर खोलीवर जाऊन रुतली. दोघांनाही मोठी इजा झाली नव्हती.

त्यांच्याजवळ होते एक सँडविच, लेमोनेडचा एक डबा आणि अंदाजे ६६ तासांचा प्राणवायू. तोही इतका होता, कारण मॅलिन्सननी त्या बुडीपूर्वी अर्धवट वापरलेली नळकांडी काढून भरलेली बसवली होती. जुनीवरही त्या दिवसाचे काम भागले असते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. बंद जागेत माणूस प्राणवायू संपल्याने मरतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याच्या आधी त्याचाच उच्छ्वास त्याला मारतो. स्वस्थ पडलेला माणूस मिनिटाला साधारण पाव लिटर प्राणवायू वापरतो आणि जवळजवळ तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. दोन मीटर व्यासाच्या गोळ्यात चार हजार लिटरांच्या आसपास हवा मावते. दोन माणसांच्या श्वासाने चार-पाच तासांतच तिच्यात तीन टक्के कार्बन डायऑक्साइड जमतो. डोके ठणकू लागते, धाप लागते. दहा टक्क्यांच्या सुमारास शुद्ध हरपते. तोवर प्राणवायू मात्र बराच शिल्लक असू शकतो. म्हणून लिथियम हायड्रॉक्साइडसारखे, हा वायू शोषून घेणारे रसायन आणि त्यातून हवा फिरवणारा पंखा या दोन गोष्टींवर आतले आयुष्य टांगलेले असते. चॅपमन आणि मॅलिन्सन यांनी अंडी उकडताना लावतात तसले छोटे घड्याळ लावून ठेवले होते. चाळीस मिनिटे झाली की पंखा फिरवायचा आणि थोडा प्राणवायू सोडायचा. पुढे पुढे तेही ते जरा लांबवू लागले. जड, दूषित हवा खाली साचते म्हणून शक्य तितके उंचावर, न हलता पडून राहायचे. बोलायचे नाही, कारण बोलायलाही श्वास लागतो. ठीक आहोत हे एकमेकांचा हात दाबून सांगायचे. भिंतीवर जमलेले दव चाटायचे.

वर्तमानपत्रांनी नंतर त्यांच्या धैर्याची थोरवी गायली. ती योग्यच होती. तरी मला या प्रसंगात धैर्यापेक्षा हिशेबीपणा अधिक दिसतो. शौर्यकथांमधल्या माणसांना इतके निश्चल पडून राहायला कोणी शिकवलेले नसते.

हा हिशेब चुकला की काय होते, ते त्याच उन्हाळ्यात फ्लोरिडाजवळ दिसले होते. १७ जून १९७३ रोजी 'जॉन्सन सी लिंक' ही पाणबुडी एका बुडवलेल्या विनाशिकेच्या अवशेषांत अडकली. खोली शंभर मीटरांच्या जरा पुढे. तिला दोन कक्ष होते, आणि प्रत्येकात दोन माणसे. पुढचा कक्ष जाड अ‍ॅक्रिलिकचा, मागचा अ‍ॅल्युमिनियमचा. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता झपाट्याने निघून जाते. मागचा कक्ष गारठला, आणि थंडीत कार्बन डायऑक्साइड शोषणारे रसायन नीट काम करीना. एका दिवसाहून अधिक काळाने पाणबुडी वर काढली तेव्हा पुढचे दोघे जिवंत होते, मागचे दोघे गेलेले होते. त्यांतला एक, क्लेटन लिंक, हा पाणबुडीचे रचनाकार एडविन लिंक यांचा मुलगा. वैमानिकांच्या प्रशिक्षणाचे 'लिंक ट्रेनर' ज्यांनी बनवले तेच हे लिंक. पुढे त्यांनी अडकलेल्या पाणबुड्यांपर्यंत पोहोचणारे मानवरहित यंत्र तयार केले. त्या यंत्रामागे कोणते दुःख होते हे वेगळे सांगायला नको.

आयर्लंडकडे परत येऊ. 'पायसीस ३'चे ठिकाण साधारण ठाऊक होते आणि पाण्याखालच्या टेलिफोनवर तिच्याशी बोलता येत होते. तरीही तिला वर काढणे सोपे गेले नाही. तिच्याच जातीच्या 'पायसीस २' आणि 'पायसीस ५' कॉर्कला आणण्यात आल्या. दुसरी तर कॅनडातून विमानाने आली. मुख्य जहाज 'व्हिकर्स व्हॉयेजर' त्यांना घेण्यासाठी बंदराकडे गेले. अमेरिकी नौदलाचे 'कर्व्ह ३' हे दूरनियंत्रित यंत्र कॅलिफोर्नियातून निघून कॅनडाच्या 'जॉन कॅबट' या जहाजावर चढले. ३१ ऑगस्टला पहिले प्रयत्न फसले. दोर घेऊन गेलेल्या पाणबुडीचा यांत्रिक हातच तुटला, मग पाणी शिरले, मग वीज बिघडली. दुपारी 'पायसीस ५'ला ती सापडली, पण दोर अडकवता येईना. १ सप्टेंबरच्या पहाटे 'पायसीस २'ने उघड्या पडलेल्या मागच्या कक्षात एक दोर अडकवला, साडेनऊच्या पुढे 'कर्व्ह'ने दुसरा. ओढताना दोन वेळा थांबावे लागले. दुपारी सव्वाच्या सुमारास पाणबुडी पृष्ठभागावर आली. झाकण उघडायला आणखी अर्धा तास गेला. एकंदर ८४ तासांहून अधिक वेळ ते दोघे आत होते. नळकांड्यात सुमारे १२ मिनिटांचा प्राणवायू उरला होता.

ही १२ मिनिटेच लोकांच्या लक्षात राहिली, आणि त्यांनीच घड्याळाला अधिकार मिळवून दिला, असे मला वाटते. पण कवच शाबूत राहिले, ठिकाण ठाऊक होते, तळ ४८० मीटरवरच होता आणि जगात मदतीला धावू शकतील अशी तीन यंत्रे होती, या चार गोष्टी आधी घडल्या, घड्याळ त्यानंतरचे. ऑगस्ट २००० मध्ये 'कुर्स्क' सुमारे १०८ मीटरवरच होती आणि स्फोटांनंतर मागच्या कक्षात २३ जण जिवंत होते. कोलेस्निकोव्ह या अधिकाऱ्याने अंधारात लिहिलेल्या चिठ्ठीमुळे हे जगाला कळले. रशियाने परकी मदत स्वीकारायला दिवस लावले, हे खरे. तपासात मात्र असे दिसले की प्राणवायू निर्माण करणारे रासायनिक साधनच तेलकट पाण्याशी आल्याने भडकले आणि हे लोक बहुधा काही तासांतच गेले.

२००५ मध्ये कामचटकाजवळ 'एएस २८' ही रशियन पाणबुडी सात जणांसह १९० मीटरवर जाळ्यांत अडकली, तेव्हा रशियाने लगेच मदत मागितली. ब्रिटिशांच्या 'स्कॉर्पिओ' या दूरनियंत्रित यंत्राने ती जाळी कापली आणि सातही जण वाचले. ते यंत्र चालवणारी कंपनी रॉजर चॅपमन यांनी उभी केलेली होती. चॅपमन २०२० मध्ये वारले.

आपल्या नौदलाकडे २०१८ पासून मुंबईत खोल पाण्यातले बचावयान आहे, तसेच दुसरे विशाखापट्टणमला. 'नांगाला'साठी तिकडचेच रवाना झाले होते. त्याची मर्यादा ६५० मीटर. दरम्यान चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेत 'मत्स्य ६०००' घडते आहे. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा २.१ मीटर व्यासाचा गोळा, आत तीन माणसे, खोली ६००० मीटर. तिथे दाब पृष्ठभागाच्या सुमारे सहाशे पट. नेहमीच्या बुडीसाठी १२ तासांची सोय, आणीबाणीत ९६ तासांची. पुन्हा तोच आकडा. १९७३ मध्ये ४८० मीटरवर पोहोचून दोर अडकवायला आणि वर ओढायला ७६ तास लागले होते. ६००० मीटरवर उतरू शकणारी यंत्रे आज जगात मोजकीच आहेत आणि ती हिंदी महासागरात वाट पाहत थांबलेली नसतात. म्हणून अशा पाणबुडीचा खरा भरवसा वजने टाकून आपल्या आपण वर येण्याच्या तिच्या क्षमतेवर असतो, आणि त्या वजनांची कळ वीज गेली तरी चालेल अशी ठेवावी लागते.