साकी-दिंडी तमिळ झाल्या त्याची गोष्ट

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे निघालं की वाटेत ओरत्तनाडु लागतं. दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या लाडक्या मुक्तांबाबाईंच्या स्मरणार्थ इथं छत्र बांधलं, म्हणून गावाचं एक नाव मुक्तांबाळपुरम्. ही वाट रामेश्वरच्या यात्रेची. सरफोजींनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला आपल्या छत्रांची माहिती देणारं एक पत्र लिहिलं होतं. ब्राह्मणापासून पारियापर्यंत, जोगी, जंगम, फकीर, जो येईल त्याला जेवण. शिजवलेलं चालत नसेल त्याला शिधा. आणि मध्यरात्री घंटा वाजवून उपाशी राहिलेल्यांना शेवटची हाक. आजाऱ्यांना औषध, तान्ह्यांना दूध, वाटेत कुणी दगावलाच तर त्याच्या रीतीप्रमाणे क्रियाकर्मही.

अशा वाटांवरून नुसते यात्रेकरू चालत नाहीत. त्यांच्याबरोबर अभंग येतात, आर्या येतात, चिपळ्या येतात. कावेरीकाठी मराठी कीर्तन रुजलं ते दोन बळांवर: एक दरबार, दुसरं हे फिरते लोक.

दरबाराचा भाग आधी उरकून टाकू. व्यंकोजींनी तंजावर घेतलं ते सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात. त्यांचे पुत्र शहाजीराजे मराठी, तेलुगू अशा अनेक भाषांतून नाटकं लिहीत. मराठी नाटकाचा इतिहास सांगलीपासून सुरू करणाऱ्यांना तंजावरची ही बाडं नेहमीच अडचणीत आणतात. सरफोजींनी तर जगाचा भूगोल शिकवणारं मराठी ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिलं. दक्षिणेकडच्या भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीच्या तोंडी खंड आणि देश घालण्याची कल्पना सुचायला तोच राजा हवा. समर्थ संप्रदायाचे मठ या मुलखात होतेच. इथलेच मेरुस्वामी पुढे त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ यांच्या दरबारी गेले. ‘कोकिळकंठ’ ही त्यांची ख्याती. कुचेल आणि अजामिळ यांची आख्यानं स्वाती तिरुनाळांनी कीर्तनाच्या याच बाजासाठी रचली.

पण हे सगळं मराठी समजणाऱ्यांपुरतं, किंवा राजाच्या पदरी असलेल्यांपुरतं. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे वारले, औरस पुत्र नव्हता, आणि कंपनीनं राज्य खालसा केलं. गवई, वाजवणारे, नाचणारे, लिहिणारे यांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला. ज्यांना राजा पोसत होता त्यांना आता गावानं पोसायला हवं होतं, आणि गाव तमिळ बोलत होतं.

या वेळेला मोरगावकर रामचंद्रबुवा तंजावरला आले. १८६०च्या दशकातली ही गोष्ट, निमित्त चातुर्मासाचं. पाठोपाठ आणखीही बुवा आले. त्यांचं निरूपण मराठी, पण ऐकणाऱ्यांना भुरळ पडली ती मांडणीची. एक माणूस उभा राहतो, गातो, बोलतो, हसवतो, दोन पावलं नाचतो, कथेतली चार पात्रं आळीपाळीनं होतो, आणि मागचे साथीदार त्याचा शब्द पडू देत नाहीत. तमिळ मुलखात पुराण सांगणारे शास्त्री होते आणि भजनं गाणारे भागवतरही होते. दोघांना एका माणसात कोंबायची ही युक्ती मात्र नवी होती.

ती उचलली तंजावर कृष्ण भागवतरांनी. तमिळ हरिकथेचे जनक म्हणून त्यांचंच नाव घेतात. १९०३ साली ते गेले, तोवर हा प्रकार चांगला वयात आला होता. त्यांनी आराखडा जवळजवळ जसाच्या तसा ठेवला: सुरुवातीला पंचपदी, मग निरूपण, मध्ये उपकथा, शेवटी मंगळ. गाणं मात्र कर्नाटक पद्धतीचं. एका रात्रीत त्यागराजांची तेलुगू कृती, संस्कृत श्लोक, तमिळ पद आणि मधूनच मराठी अभंग. श्रोत्याला चारही भाषा येत असतील असं थोडंच. पण कथा ठाऊक असली की बाकीचं चाल सांभाळून घेते.

खरी गंमत वृत्तांची. साकी, दिंडी, ओवी, अंजनीगीत, घनाक्षरी ही मंडळी नावानिशी तमिळमध्ये शिरली आणि तिथंच राहिली. दिंडीच्या चरणात १९ मात्रा, नवांवर थांबा आणि पुढं दहा. त्या थांब्यामुळे ओळ किंचित लंगडत चालते, म्हणून करुण प्रसंगाला दिंडी शोभते. साकीची धाव लांब, सोळा आणि बारा अशी २८ मात्रांची; गोष्ट भराभर पुढं न्यायची तर साकी. तमिळमध्ये ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पक्का, शिवाय ‘तिरुप्पुगळ’सारख्या ठेक्यावर चालणाऱ्या रचना लोकांच्या कानात आधीपासून बसलेल्या, त्यामुळे हे पाहुणे तिथं अवघडले नाहीत. कथेकऱ्यालाही ते सोयीचे होते. पूर्ण कृती गायला घेतली की कथा थांबते. साकीत ती थांबत नाही.

कृष्ण भागवतरांच्या आख्यानांतलं गाजलेलं एक म्हणजे नंदनार. शेतावर राबणारा, अस्पृश्य मानलेला भक्त. चिदंबरच्या नटराजाला डोळे भरून पाहायची त्याची आस, आणि आडवा येणारा मालक. हे काव्य गोपालकृष्ण भारतींचं, १८६०च्या सुमाराचं. जुन्या पुराणात हा दुष्ट ब्राह्मण मालक नाही. भारतींनीच तो घातला, आणि कथेला कणा मिळाला. भारतींची हिंदुस्थानी गाण्याची तालीम झाली तिरुविडैमरुदूरला, रामदास नावाच्या गवयाकडे. हे तिरुविडैमरुदूर म्हणजे गादीवरून उतरवलेल्या अमरसिंग भोसल्यांच्या घराण्याचं ठिकाण. तेव्हा नंदनाराच्या तमिळ व्यथेतही भोसल्यांच्या आश्रयाचा एक धागा आहेच.

भागवतर पुढं, पण हरिकथा उभी राहते मागच्यांवर. महाराष्ट्रात बुवांच्या पाठीशी पेटी आणि तबला. तंजावरला मृदंगम्, झांजेसारखा जालरा, पुढं व्हायोलिन आणि हार्मोनियम, शिवाय ‘पिन्‌पाट्टु’, म्हणजे मागून सूर धरणारा दुसरा गवई. भागवतर बोलता बोलता थांबले की त्याच पट्टीत पद उचलायचं काम याचं. ही माणसं आज या भागवतरांकडे, उद्या त्या. काही वर्षं मागं उभं राहून आख्यानं पाठ झाली की पिन्‌पाट्टु गाणारा स्वतःच पुढं येई. घराणं असं वाढलं: पंडित लक्ष्मणाचार्य, तिरुप्पळणम् पंचापकेश शास्त्री, सूलमंगलम् वैद्यनाथ भागवतर, मांगुडी चिदंबर भागवतर. पुढं सभा आल्या, तिकिटं आली.

मग सी. सरस्वतीबाई आल्या आणि पुरुष भागवतरांच्या भुवया चढल्या. बाईनं उभं राहून कथा सांगायची, तीही ब्राह्मण बाईनं! १९०९च्या आसपास त्यांनी सुरुवात केली तेव्हा विरोध उघड होता. काही कलावंतांनी त्यांच्यासोबत बसायचं नाकारलं. श्रोत्यांनी मात्र त्यांना डोक्यावर घेतलं, आणि पुढच्या बायकांची वाट थोडी रुंद झाली.

तंजावरच्या मराठी मंडळींचा सगळ्यांत टिकाऊ ठसा कदाचित कथेपेक्षा ठेक्यावर पडला. मृदंगाची जी ‘तंजावर बाणी’ म्हणतात तिच्या मुळाशी नारायणस्वामी अप्पा हे मराठी वादक आहेत. भजन-कीर्तनाच्या साथीत मुरलेला त्यांचा हात; गाणाऱ्याच्या शब्दावर कुरघोडी न करता त्याला उचलून धरणारा. ही बाणी तंजावर वैद्यनाथ अय्यरांपर्यंत आली आणि त्यांच्याकडून पालघाट मणी अय्यरांकडे. मणी अय्यर १९६६ साली ‘संगीत कलानिधी’ झाले. मृदंगवादकाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. पोरवयात ते केरळात साथीला बसू लागले तेव्हाचे त्यांचे सुरुवातीचे कार्यक्रम कुणा मोठ्या गवयाच्या मैफिलीतले नव्हते. ते होते शिवरामकृष्ण भागवतरांच्या हरिकथेचे.