पगाराच्या भरवशावरचे कर्ज (शहागड परिसर)

पुढे हाती येणाऱ्या मजुरीच्या, पगाराच्या किंवा पिकाच्या पैशावर नजर ठेवून काही दिवसांसाठी वा आठवड्यांसाठी घेतलेले छोटे, बहुधा विनातारण कर्ज. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये त्याला ‘पे-डे लोन’ म्हणतात. पुढच्या पगाराला ते शुल्कासह एकरकमी फेडायचे असते. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात गोदावरीच्या उत्तर काठावर, धुळे–सोलापूर महामार्गावर वसलेल्या शहागडात हे इंग्रजी नाव चालत नाही. इथे उचल असते, टक्क्याने घेतलेले पैसे असतात, रोजचा हप्ता असतो, आणि अलीकडे मोबाईलवरचे लोन असते. रूपे निरनिराळी असली तरी सगळ्यांचा पाया एकच : न आलेला पैसा आजच खर्चणे.

नावात पगार असला तरी ज्याला दरमहा पगार आहे तो या वाटेला क्वचितच जातो. शिक्षक, एसटीचे कर्मचारी, कारखान्यातले कायम कामगार यांच्यासाठी पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्था आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ प्रमाणे सभासदाचा हप्ता थेट पगारातून कापून घेता येतो. वसुलीची चिंता नसल्यामुळे व्याजही आवाक्यात राहते. अडचण येते ती तारीख नसलेल्या कमाईला. कापूस कधी विकला जाईल, मोसंबीचा व्यापारी पैसे कधी देईल, ऊसतोड टोळीचा हिशोब कधी होईल, हे सांगता येत नाही. दवाखान्याची, शाळेची आणि पेरणीची तारीख मात्र ठरलेली असते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार कारखान्याने ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत रास्त व किफायतशीर दराने बिल द्यावे आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे, असा नियम आहे. अमेरिकेतल्या पे-डे लोनची ठरावीक मुदतही बहुधा १४ दिवसांचीच. योगायोग खरा, पण बोलका : बिल लांबले की शेतकऱ्याला मिळायचे व्याज कागदावर १५ टक्के, आणि तेवढ्या काळासाठी तो बाहेरून जे उचलतो त्याचा दर त्याच्या कितीतरी पट.

दर बोलण्याची रीत : या व्यवहारातला पहिला धोका भाषेतच आहे. बँकेत ‘बारा टक्के’ म्हणजे वर्षाचे बारा. चहाच्या टपरीवर ‘पाच टक्क्याने दिले’ म्हणजे महिन्याचे पाच, म्हणजेच वर्षाचे साठ. महिना हा शब्द कोणी उच्चारत नाही. तो गृहीत असतो. ‘शेकडा तीन’, ‘रुपयाला दहा पैसे’ ही त्याचीच भावंडे. रुपयाला दहा पैसे ऐकायला चिल्लर वाटते, पण तो दर वर्षाला १२० टक्के होतो आणि दहाव्या महिन्याला भरलेले व्याज मुद्दलाइतके होते. मुद्दल तोवर जागचे हललेलेही नसते. शिवाय महिना लागला की पूर्ण धरायचा, अशी पद्धत आहे : तीन तारखेला घेऊन अकराला परत केले तरी महिन्याचे व्याज.

दुसरी रीत ‘कापून देण्याची’. रोज वसुलीच्या कर्जात दहा हजार लिहायचे, नऊ हजार मोजायचे आणि शंभर दिवस रोज शंभर रुपये घ्यायचे. भाजीवाले, रसवंतीवाले, महामार्गावरचे छोटे टपरीवाले अशा कर्जावर माल भरतात. हातात एक कार्ड मिळते. त्यावर शंभर चौकोन. संध्याकाळी मोटारसायकल येऊन थांबते, नोट जाते, एका चौकोनात सही पडते, गाडी पुढच्या टपरीकडे वळते. घेणाऱ्याच्या मनातला हिशोब असा : नऊ हजारांवर हजार रुपये, म्हणजे अकरा टक्के, काय वाईट? पण नऊ हजार त्याच्याकडे शंभर दिवस राहतच नाहीत. पहिल्या संध्याकाळपासून ते आटू लागतात. पन्नासाव्या दिवशी निम्मेच उरलेले असतात. दररोज घटणाऱ्या रकमेवर हिशोब मांडला तर दर वर्षाला ७७ टक्क्यांच्या आसपास जातो. तरीही टपरीवाला ते घेतो, कारण सकाळी पाचला भाजीबाजारात रोख लागते आणि त्या वेळी कुठलीही बँक उघडी नसते. या कर्जाची खरी किंमत वेळेच्या सोयीची असते, हे मान्य केल्याशिवाय ते का टिकून आहे ते कळत नाही.

उचल : शहागड परिसराला उसाच्या दोन्ही बाजू ठाऊक आहेत. जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे अंबड–घनसावंगी पट्ट्यात ऊस उभा राहिला, महामार्गावरच अंकुशनगर येथे कर्मवीर अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखाना आहे; आणि जिथे पाणी पोचले नाही त्या गावांतून, तसेच नदीपलीकडच्या बीड जिल्ह्यातून, दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडणीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी जमवणारा मुकादम कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून पैसे घेतो आणि हंगामापूर्वी कोयत्यामागे उचल वाटतो. लग्न, दवाखाना, घराचे पत्रे, जुने देणे यांत ती दिवाळीपूर्वीच संपते.

उचलीवर व्याज सांगत नाहीत, म्हणून ती बिनव्याजी वाटते. हिशोब टनांत होतो. २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनामागे सुमारे ३६६ रुपये ठरला. एका कोयत्याने एक लाख उचलले तर ते फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. जोडी दिवसाला दोन टन तोडते असे धरले, तर १३७ दिवस, एकही सुट्टी न घेता. पाऊस कमी पडलेल्या वर्षी गाळप तीन महिन्यांतच आटोपते. मध्ये ताप आला, बाळंतपण आले, तर ‘खाडा’ लागतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही अंगावर येतो. हंगामाच्या शेवटी जे फिटत नाही ते पुढच्या वर्षाच्या वहीत चढते, आणि पुढच्या दसऱ्याला कोणत्या मुकादमाबरोबर जायचे हा प्रश्नच उरत नाही. इथे व्याज पैशात नसून निवडीच्या हक्कात वसूल होते. देणे फिटेपर्यंत माणसाला कामावरून हलू न देणे हे वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ च्या व्याख्येत बसते. प्रत्यक्षात अशा प्रकरणांकडे पैशाचा वाद म्हणूनच पाहिले जाते. मुकादमालाही सरसकट खलनायक करता येत नाही. टोळी पळाली तर त्याने कारखान्याला लिहून दिलेले लाखो रुपये त्याच्याच अंगावर येतात, आणि अनेक मुकादम कालपर्यंत स्वतः कोयताच होते.

नवं-जुनं : मार्चमध्ये पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीच्या दारात हा शब्द कानावर पडतो. जुने पीककर्ज भरून लगेच नवे उचलणे म्हणजे नवं-जुनं करणे. मुदतीत फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज केंद्र व राज्याच्या व्याजसवलतीमुळे शून्य टक्क्याने पडते. थकले तर सवलत जाते आणि नवे कर्जही अडते. पण भरायचे कशातून? मग एक लाख शेकडा तीनने बाहेरून घ्यायचे, सोसायटीत भरायचे, तिच्या गटसचिवाकडून कागद करून घ्यायचे आणि नवे कर्ज खात्यावर आले की बाहेरचे परत करायचे. सगळे आठ दिवसांत उरकले तरी महिन्याचे तीन हजार द्यावे लागतात. आठ दिवसांसाठी तो दर वार्षिक १३७ टक्के होतो. मात्र वर्षभराच्या हिशोबात शेतकऱ्याला लाखावर तीन हजारच पडले, म्हणजे तीन टक्के. तो हिशोबात चुकलेला नसतो. धोका वेगळ्या ठिकाणी असतो : बँकेने नवे कर्ज मंजूर करायला जून उजाडवला, तर मार्च, एप्रिल, मे, जून असे प्रत्येकी तीन हजार, आणि तोंडावर पेरणी. नियमित कर्जफेडीच्या सरकारी आकड्यांत हा मधला सावकार कुठेच दिसत नाही.

मोबाईलवरचे कर्ज : २०२० च्या टाळेबंदीनंतर कर्ज देणाऱ्या ॲपचा सुळसुळाट झाला. बेकायदा ॲपचा नमुना साधारण असा : मंजूर ५,००० रुपये; त्यातून प्रक्रिया शुल्क १,२७१ आणि त्यावर १८ टक्के जीएसटीच्या नावाखाली २२९ कापून खात्यावर ३,५०० येतात; सातव्या दिवशी ५,००० भरायचे. वार्षिक दर २,२०० टक्क्यांच्या वर. पण मुख्य तारण दुसरेच. ॲप उतरवून घेताना दिलेल्या परवानगीतून फोनमधले नंबर आणि फोटो त्यांच्याकडे जातात. हप्ता चुकला की मामा, सासरे, गावचा सरपंच, मुलीचे शिक्षक यांना मेसेज सुरू होतात. फोटो विकृत करून पाठवले जातात. गावातला सावकार निदान चारचौघांत भेटतो. इथे धमकावणारा कोण आणि कुठला, हेच कळत नाही. एक फेडायला दुसरे ॲप उतरवायचे, ही पुढची पायरी.

रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी डिजिटल कर्जासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या व २०२५ मध्ये त्या एकत्रित निर्देशांच्या रूपात आणल्या. त्यांनुसार रक्कम बँकेकडून किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थेकडून थेट कर्जदाराच्या खात्यात यावी लागते, सर्व शुल्कांसह वार्षिक दर आधी लेखी दाखवावा लागतो, विचार बदलल्यास किमान एका दिवसाच्या ठरलेल्या मुदतीत मुद्दल व तेवढ्या काळाचे व्याज देऊन बाहेर पडता येते, आणि फोनमधल्या नंबरांना व फोटोंना ॲपने हात लावायचा नसतो. कायदेशीर ॲपमागे कोणती वित्तसंस्था आहे हे रिझर्व्ह बँकेच्या यादीत पाहता येते. छळ सुरू झाल्यास सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे.

कायदा आणि त्यामागचा इतिहास : १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि दंगे पुणे-नगर भागात पसरले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. गोदावरीच्या वरच्या अंगाला असलेल्या शेवगाव-नेवाशाला तो लागू होता. शहागड निजामाच्या राज्यात असल्याने त्याच्या बाहेर राहिले. आज सर्व राज्याला महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे. परवाना सहकार खात्याच्या निबंधकांमार्फत मिळतो. ठरवलेले वार्षिक दर शेतकऱ्यांसाठी तारणावर ९ व विनातारण १२ टक्के, इतरांसाठी १५ व १८ टक्के. चक्रवाढ व्याज घेता येत नाही, एकूण व्याज मुद्दलाहून जास्त वसूल करता येत नाही, पावती द्यावी लागते, कर्जदाराचा छळ हा गुन्हा आहे. विनापरवाना सावकारीस पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

व्याज मुद्दलापुढे जाऊ नये हा दामदुप्पटीचा नियम धर्मशास्त्रापासून चालत आलेला आणि मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही मानलेला. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने पे-डे लोनवर जानेवारी २०१५ पासून मर्यादा घातली तीही हीच : दिवसाला ०.८ टक्के, आणि व्याज-शुल्क मिळून मुद्दलाच्या शंभर टक्क्यांपलीकडे नाही. साडेतीन वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, तिथली ‘वोंगा’ ही मोठी कंपनी बुडाली. अमेरिकेत अनेक राज्यांत अजूनही शंभर डॉलरवर दोन आठवड्यांना पंधरा डॉलर, म्हणजे वर्षाला ३९० टक्क्यांच्या आसपास, चालतात.

आपल्याकडे मर्यादा आहे, पण ती कागदावर झालेल्या व्यवहाराला. गावातला बराचसा व्यवहार कागद चुकवूनच होतो, आणि जो कागद होतो तो कर्जाचा नसतो. सही केलेला कोरा चेक घेतला जातो. तो वटला नाही की चलनक्षम दस्तऐवज अधिनियमाच्या कलम १३८ खाली कर्जदारच आरोपी होतो. मोठ्या रकमेला जमिनीचे खरेदीखत करून घेतात, ‘पैसे दिले की परत फिरवून देऊ’ या तोंडी शब्दावर. अशी जमीन सावकारीपोटी गेल्याचे सिद्ध झाल्यास ती परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक काढू शकतात. २०१४ च्या कायद्याच्या कलम १८ मध्ये त्यासाठी मागे पंधरा वर्षांपर्यंतचे व्यवहार तपासता येतात. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात, शहागडकरांसाठी अंबडला, द्यायचा. तिथे विचारला जाणारा पहिला प्रश्न पुराव्याचा असतो, म्हणून हप्ता रोख देण्याऐवजी खात्यातून देणे आणि देण्याघेण्याची तारीखवार वही ठेवणे पुढे कामी येते.

स्वस्त पर्याय थोडे आहेत, पण आहेत. बचत गटातले अंतर्गत कर्ज बहुधा शेकडा दोनने मिळते. वर्षाला २४ टक्के हे कमी नाहीत, मात्र व्याज गटातच राहते. जनधन खात्यावर पात्र खातेदाराला दहा हजारांपर्यंत जादा उचलीची (ओव्हरड्राफ्टची) सोय आहे, ती मागणारेच कमी. जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही. भिशीत आपला नंबर लागेपर्यंत थांबावे लागते, आणि ज्याला थांबता येते त्याला हे कर्ज लागतच नाही.

२०१५ मध्ये राज्य शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांची सावकारी कर्जे स्वतः भरण्याचा निर्णय घेतला. लाभ परवानाधारक सावकाराच्या वहीत नाव असलेल्यांनाच होता. ज्यांनी टपरीवर, शब्दावर, रुपयाला दहा पैशांनी घेतले होते त्यांची नावे कोणत्याच वहीत नव्हती.