आकडे बोलू लागले

सोसायटीच्या सभेत जमाखर्च मांडायला उभं राहिलं, की भल्याभल्यांची बोबडी वळते. अशा वेळी, श्रोतेहो, गोपाळ कृष्ण गोखल्यांची आठवण करावी.

२६ मार्च १९०२. कलकत्त्यास व्हाइसरॉयचं कायदेमंडळ भरलं होतं. अंदाजपत्रकात शिल्लक दिसत होती आणि सरकार ती भरभराटीची खूण मानीत होतं. गोखले उठले. त्यांचं म्हणणं एकच: ही शिल्लक म्हणजे रयतेकडून गरजेबाहेर घेतलेला कर. मिठावरच मणामागे अडीच रुपये! आरडाओरड नाही, शिवीगाळ नाही. सरकारचेच आकडे त्यांनी सरकारपुढं ठेवले.

ही तयारी एका रात्रीतली नव्हे. न्यायमूर्ती रानड्यांनी लावलेली शिस्त तिच्यामागं होती, आणि गणेश व्यंकटेश जोशी या हेडमास्तरांचा अभ्यासही. पुढं मिठाचा कर १९०३ साली दोन रुपयांवर आला, १९०७ साली एका रुपयावर. एका भाषणानंच हे घडलं असं नव्हे. पण ते भाषण कुणाला खोडता आलं नाही.

तेव्हा मंडळी, सभेत उठण्याआधी चोपडी नीट वाचा. मुद्दा एक धरा, आकडे पक्के ठेवा. मग आवाज बेताचा असला तरी चालेल.