शीळ आणि उत्तर

आजची गोष्ट उत्तर अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातली आहे. तिथे एल्क नावाचं मोठं हरीण राहतं. गंमत बघा, युरोपात ‘एल्क’ म्हणजे मूस. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ते नाव भलत्याच प्राण्याला चिकटवलं. शॉनी लोकांचा शब्द ‘वापिटी’, म्हणजे पांढऱ्या ढुंगणाचा. तो जास्त प्रामाणिक! आपल्या काश्मीरचा हंगुल याचाच भाऊबंद.

सप्टेंबरात माजावर आलेला नर पहाटे आणि तिन्हीसांजेला शीळ घालतो. तीनशे किलोंचा प्राणी आणि आवाज असा चिरका! २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं, की त्या शिळेत एकाच वेळी दोन आवाज असतात: वरचा शिट्टीचा, खालचा डरकाळीचा.

शिकारी याच आवाजावरून नराचा ठावठिकाणा काढतो. डोंगराच्या धारेवरून एक शीळ द्यायची आणि गप्प राहून ऐकायचं. उत्तर आलं की वारा तोंडावर घेत जवळ सरकायचं. कान फसतो, नाक फसत नाही. मग मादीची बारीक हाक काढायची किंवा प्रतिस्पर्ध्याची शीळ. पूर्वी बांबूच्या, धातूच्या नळ्या असत. पुढे टर्कीच्या शिकाऱ्यांची, टाळूला लावायची रबरी पडद्याची शिट्टी एल्कसाठीही रुळली.

लाकोटा परंपरेत मात्र एल्कचं नातं प्रणयाशी आहे. तरुणाने मुलीसाठी वाजवायच्या बासरीमागे त्याचीच शक्ती मानली जाई.

एकोणिसाव्या शतकात मांस, कातडी आणि चक्क दोन सुळ्यांसाठी कत्तल झाली. ‘एल्क्स’ नावाच्या संघटनेचे सभासद ते सुळे घड्याळाच्या साखळीत मिरवत. शेवटी यलोस्टोनच्या परिसरात मोठे कळप उरले. १९१२ साली जॅक्सनजवळ अभयारण्य झालं. यलोस्टोनचे एल्क रेल्वेने दूरच्या राज्यांत गेले. १९८४ साली एल्कच्या अधिवासासाठी मोंटानात संस्था काढली, तीही शिकाऱ्यांनीच.

आता प्रश्न असा. आपल्याकडे दृष्टांत आहे, हरीण नादाला भुलून प्राण गमावतं. म्हणजे दोष ऐकणाऱ्याच्या आसक्तीचा. वर्षानुवर्षं मी वर्गात हेच शिकवलं. पण हा नर सुरांवर लुब्ध होऊन येत नाही हो. ‘मी इथे आहे’ असं कुणीतरी म्हणालं, त्यावर तो विश्वास ठेवतो. मग दोष कुणाचा? दुसऱ्याची भाषा इतक्या जिव्हाळ्याने शिकायची आणि तिच्यातलं पहिलंच वाक्य खोटं बोलायचं! आणि तरीही, ज्यांनी ती भाषा कान देऊन ऐकली त्यांच्यातलेच काही त्याच्या रानासाठी उभे राहिले. ही दोन्ही सत्यं एकमेकांना खोडत नाहीत, हे मला उशिरा कळलं.

यलोस्टोनमध्ये एल्कच्या आवाजाची नक्कल करायला बंदी आहे. मुलाकडे गेलो होतो तेव्हा तिथे पहाटे उभा होतो. पलीकडच्या झाडीतून शीळ आली. नातवाने ओठांचा चंबू केला, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही नुसतं ऐकलं. जरा वेळाने दुसऱ्या डोंगरावरून उत्तर आलं, खरं उत्तर.