ओला चमचा आणि विटाळ: वाळवणाचा इतिहास

आजचा एपिसोड वाळवणावर. सुरुवात आमच्या अड्याळपासूनच करू.

भंडारा जिल्हा, पवनी तालुका. हिवाळ्यात इकडे वांगी आणि टमाटर एकदमच निघतात. जास्तीच्या मालाच्या चकत्या करून उन्हात वाळवायच्या, त्यांना आम्ही खुला म्हणतो. कोहळा किसून उडदाच्या डाळीत कालवायचा, त्याच्या वड्या घालायच्या. हरभऱ्याचा कोवळा पाला वाळवून ठेवायचा. मग पावसाळ्यात धानाची रोवणी सुरू असते, घरात ताजी भाजी नसते, तेव्हा हे डबे उघडायचे. ‘फूड वेस्ट’ हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. पावसाळ्यात खायचं काय, एवढाच प्रश्न होता.

आता जरा फ्रान्सला जाऊ. निकोला आपेर नावाचा एक मिठाईवाला होता. काचेच्या बाटलीत अन्न भरायचं, बूच घट्ट लावायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची, ही त्याची पद्धत. १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले, अट एकच: पद्धत पुस्तक लिहून जाहीर कर. आजचे डबाबंद पदार्थ तिथूनच निघाले.

पण अन्न टिकतं का, हे खुद्द आपेरलाही कळलं नव्हतं. नासवणारे सूक्ष्म जीव असतात हे लुई पाश्चरने दाखवलं १८६० च्या दशकात. म्हणजे मधली पन्नास वर्षं पद्धत चालत होती, कारण कोणालाच माहीत नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर जुना कोड: चालतोय ना, मग हात लावू नको.

आपल्या घरांतही हेच झालं. खुला वाळली की पाणी जातं, आणि पाण्याशिवाय जंतू-बुरशी वाढत नाही. मीठ फोडीतलं पाणी ओढून घेतं. वरचा तेलाचा थर हवा अडवतो. हे शास्त्र कोणी सांगितलं नव्हतं, नियम मात्र पक्के होते. बरणीत ओला चमचा घालायचा नाही. आणि दुसरा नियम: पाळी आलेल्या बाईने लोणच्याला, पापडाला शिवायचं नाही, विटाळ होतो.

दोन्ही नियम एकाच तोंडातून, एकाच दमात आले. पहिला शंभर टक्के बरोबर, कारण चमच्यासोबत पाणी आत जातं. दुसरा साफ खोटा. बुरशीला ओल लागते. बाईची पाळी तिला कळत नाही. पण जिने लोणचं घातलं, तिलाच महिन्यातले चार दिवस त्या बरणीपासून लांब बसवलं गेलं. आपेरच्या हातात बक्षीस पडलं, हिच्या वाट्याला कोपरा आला.

‘का’ माहीत नसलं की असं होतं. खरं आणि खोटं एकाच बरणीत मुरतं. आणि आपली पिढी वैतागून अख्खी बरणीच फेकून देते. विटाळ गेला, चांगलंच झालं. पण खुलाही गेल्या. भाजी फ्रिजमध्ये ठेवतो आणि आठवड्याने सडलेली टाकतो. फ्रिज सडणं लांबवतो, थांबवत नाही.

आता आपल्याकडे ‘का’ आहे, म्हणून निवडता येतं. येत्या हिवाळ्यात किलोभर वांगी पातळ चिरा, कडकडीत उन्हात वाळवा, कट्टकन मोडली की कोरड्या डब्यात झाकण घट्ट लावून ठेवा. घरात आजी असेल तर तिला आधी विचारा. ती सांगेल ते फोनवर रेकॉर्ड करा, आणि प्रत्येक नियमाला एकच प्रश्न लावा: का?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.