लेटरहेडवरचे दोन क्रमांक

महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या संस्थेचं लेटरहेड पाहा. वाचनालय असो, महिला मंडळ असो, की आज आपण जिला एनजीओ म्हणतो तशी संस्था, तिथे बहुधा दोन नोंदणी क्रमांक सापडतात. त्यातला एक ‘एफ’ अक्षराचा. एका संस्थेला दोन नोंदण्या कशाला?

पहिला क्रमांक १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचा. सत्तावन्नचा उठाव होऊन जेमतेम तीन वर्षं झालेली, तरी वाट सोपी ठेवली होती: सात माणसं जमवा, उद्देश लिहून सह्या करा, नोंदवा. अर्थात साहित्य, विज्ञान, दानधर्म अशाच कामांसाठी. ‘राजकीय शिक्षणाचा प्रसार’ हे शब्द त्यात यायला १९२७ उजाडलं! पैशांकडे या कायद्याने फारसं पाहिलंच नाही. ते सभासदांनी बघावं.

दुसरा क्रमांक १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचा. देणगी देणारा गेला, लाभ घेणारे विखुरलेले, मग विश्वस्तांना जाब विचारणार कोण? देवस्थानं आणि ट्रस्ट यांच्याबाबत हा प्रश्न खराच होता. त्यासाठी धर्मादाय आयुक्त आले. पण ‘सार्वजनिक न्यासा’च्या व्याख्येत १८६० खाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थाही घेतल्या, आणि वाचनालय व देऊळ एकाच कचेरीच्या रांगेत उभे राहिले.

या रांगेत काय होतं, ते तुमच्यापैकी कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा. संस्थेत दोन गट पडले की दोघंही आपापला रिपोर्ट घेऊन हजर! निकाल लागेपर्यंत बँकेत सही कुणाची चालणार, यावरच काम अडतं. पैसे खाणाऱ्या विश्वस्तासाठी ठेवलेली नोंदवही भांडणाऱ्या सभासदांच्या हाती गेली, असं आम्हाला वाटतं. मात्र आयुक्तांच्या परवानगीशिवाय न्यासाची जमीन विकता येत नाही, हे कलम नसतं तर शहरांतल्या मोक्याच्या जागांचं काय झालं असतं, हेही मनात येतं.

कायद्याला आव्हान मिळालंच. १९५४ मध्ये रतिलाल गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बराचसा कायदा कायम ठेवला. देवळं-मठांवर खुद्द आयुक्तांनाच विश्वस्त नेमण्याची मुभा मात्र टिकली नाही. संस्थांकडून घ्यायची वर्गणी हा कर नसून फी आहे, असंही न्यायालयाने ठरवलं. म्हणजे देखरेख सरकारची, खर्च संस्थांचा. परदेशी देणग्यांचा पहिला कायदा १९७६ चा, ऐन आणीबाणीतला. त्याकडे पुढच्या व्याख्यानात वळू.